चिमूटभर लोहकीस

पट्टीचुंबकावर कागद, कागदावर लोहकीस आणि कडेला हलकी टिचकी. वर्गात हा प्रयोग पाच मिनिटांत उरकतो. त्याचं कूळ मात्र दोन हजार वर्षं मागे जातं.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन कवी लुक्रेशियसने लिहून ठेवलं, की काशाच्या भांड्याखाली चुंबक धरला की आतला कीस खवळतो. त्याला खळबळ दिसली, आकृती नाही. १२६९ मध्ये पीटर पेरेग्रिनसने गोल चुंबकदगडावर जागोजागी सुई ठेवून रेघा आखल्या. त्या सगळ्या दोन बिंदूंत येऊन मिळाल्या आणि त्या बिंदूंना त्याने ‘ध्रुव’ म्हटलं. पुढे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ मध्ये किसाच्या रांगांचं कारण दिलं : चुंबकातून म्हणे आटे पाडलेले सूक्ष्म कण फिरतात. कल्पना चुकीची, पण झकास.

मग आला मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरच्या हाताखाली शिकलेला, गणितात कच्चा. समीकरणं मांडता येईनात, म्हणून त्याने किसाच्या रांगांवरच विचार केला आणि त्यांना ‘बलरेषा’ म्हटलं. उमटलेल्या आकृत्या विस्कटू नयेत म्हणून तो त्या मेणकागदावर पक्क्या करून ठेवी. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होत. त्यांतल्या १९ माला एकट्या फॅरडेच्या. १८५९-६० च्या मालेचा विषयच ‘बल’ होता. गुरुत्वाकर्षणापासून निघून चुंबक आणि विजेपर्यंत त्याने मुलांना नेलं आणि ही बलं एकमेकांशी कशी बांधलेली आहेत तेही सांगितलं. त्याच्या बलरेषांना गणिताची भाषा द्यायला भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८५५-५६ मध्येच सुरुवात केली होती. मुलांना दाखवायचं चित्र आणि शास्त्रज्ञाचं हत्यार इथे एकच होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या वर्गात नेमकं हेच हरवतं. वहीत बाणांसकट आकृती येते, दोन गुण मिळतात. पण एखादी मुलगी विचारते, ‘‘दोन रेघांच्या मधे चुंबकत्व नसतं का?’’ असतं. किसाचा प्रत्येक कण स्वतःच छोटा चुंबक होतो, शेजारच्याला टोकाशी धरतो आणि बाजूच्या रांगेला दूर लोटतो, म्हणून रेघा सुट्या दिसतात. बल मात्र सगळीकडे पसरलेलं असतं. हा प्रश्न टाळू नये. प्रयोगातला खरा धडा तोच आहे.

आणि कीस विकतच आणायला हवा असंही नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं, तो झिजून नदीच्या वाळूत उतरतो. जुन्या स्पीकरमधला चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूतून फिरवा, काळे कण चिकटतील. पिशवी विसरू नका, नाहीतर ते चुंबकावरून खरवडत बसाल.