हीथ्रो विमानतळ : विमानातून उतरल्यापासून लंडन शहरात पोहोचेपर्यंत

लंडनचा हीथ्रो हा जगातील सर्वाधिक वर्दळीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळांपैकी एक आहे. शिक्षण, नोकरी आणि पर्यटनासाठी ब्रिटनला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी इथेच उतरतात. मुलांकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-वडिलांची संख्याही मोठी असते. हा विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे २३ किलोमीटर पश्चिमेला आहे. तिथून शहरात जायला तीन वेगवेगळ्या रेल्वेसेवा, बस आणि टॅक्सी आहेत. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो नेमका या पर्यायांमुळे. सर्वांत वेगवान गाडी आपल्यासाठी सर्वांत सोयीची असेलच असे नाही. आपल्याला लंडनच्या कोणत्या भागात जायचे आहे, यावर गाडी ठरते आणि हा निर्णय घरून निघण्यापूर्वीच घेतलेला बरा.

टर्मिनल कोणते?

हीथ्रोवर सध्या २, ३, ४ आणि ५ या क्रमांकांची चार टर्मिनल प्रवाशांसाठी सुरू आहेत. टर्मिनल १ हे २०१५ मध्ये बंद झाले. मात्र इतरांचे क्रमांक बदलले नाहीत. एअर इंडिया टर्मिनल २ वरून, व्हर्जिन अटलांटिक टर्मिनल ३ वरून, तर ब्रिटिश एअरवेजची बहुतेक विमाने टर्मिनल ५ वरून चालतात. आखाती देशांतून जाणाऱ्यांपैकी एमिरेट्सचे प्रवासी टर्मिनल ३ वर आणि कतार एअरवेज व एतिहादचे प्रवासी टर्मिनल ४ वर उतरतात. तरीही तिकिटावरचा क्रमांक पाहून घ्यावा.

टर्मिनल २ आणि ३ एकमेकांजवळ असून त्यांचे रेल्वे स्थानक एकच आहे. टर्मिनल ४ आणि ५ मात्र दूर आहेत. त्यांची स्थानके वेगळी असून तिथे चालत जाता येत नाही. घ्यायला आलेला नातेवाईक दुसऱ्याच टर्मिनलवर उभा असेल तर घाबरू नये. टर्मिनलांदरम्यानचा रेल्वेप्रवास मोफत आहे. त्यासाठीचे मोफत तिकीट स्थानकातील यंत्रातून मिळते.

उतरल्यावरचा क्रम

विमानातून बाहेर पडल्यावर ‘अरायव्हल्स’ लिहिलेल्या पिवळ्या पाट्यांच्या मागे जायचे. जांभळ्या रंगाच्या ‘फ्लाइट कनेक्शन्स’च्या पाट्या पुढचे विमान पकडणाऱ्यांसाठी असतात. चालणे बरेच असते. टर्मिनल २ चा काही भाग मुख्य इमारतीपासून वेगळा आहे आणि तिथून लांबलचक भुयारी मार्गाने यावे लागते. टर्मिनल ५ च्या उपइमारतींतून मुख्य इमारतीत येण्यासाठी चालकविरहित गाडी आहे. गुडघेदुखी असलेल्यांसाठी चाकाच्या खुर्चीची सोय मोफत असते, पण ती विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवावी.

पुढचा टप्पा पासपोर्ट तपासणीचा. तिथली स्वयंचलित दारे काही ठरावीक देशांच्या नागरिकांसाठीच आहेत आणि त्या यादीत भारत नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी अधिकारी बसलेल्या खिडक्यांच्या रांगेत थांबावे. पूर्वी भरावे लागणारे लँडिंग कार्ड २०१९ मध्ये बंद झाले. अधिकारी साधारणपणे कशासाठी आलात, कुठे राहणार, परत कधी जाणार, एवढेच विचारतात. यजमानाचा पत्ता, फोन नंबर आणि परतीचे तिकीट कागदावर छापलेले असेल तर ते हँडबॅगेत ठेवावे. मोठ्या बॅगा त्यानंतर मिळतात.

शेवटी कस्टम्स. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप घरीच ठेवावे लागते. सापडल्यास ते काढून घेतले जाते. चिवडा, भाजणी, मसाले यांना ही बंदी लागू नाही.

तीन गाड्या, तीन हिशेब

हीथ्रो एक्स्प्रेस : टर्मिनल २-३ वरून पॅडिंग्टनला सुमारे १५ मिनिटांत पोहोचवते. मध्ये कुठेही थांबत नाही. ऐनवेळी तिकीट काढले तर हा सर्वांत महाग पर्याय आहे. बरेच आधी काढलेले तिकीट स्वस्त पडू शकते. पॅडिंग्टनच्या आसपास मुक्काम असेल तरच तिचा खरा उपयोग.

एलिझाबेथ लाइन : २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा पॅडिंग्टनला सुमारे अर्ध्या तासात पोहोचते आणि गाडी न बदलता पुढे बाँड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत जाते. साउथहॉल आणि ईलिंग ब्रॉडवे ही स्थानकेही याच मार्गावर आहेत. स्लाउला जायचे असेल तर हेज अँड हार्लिंग्टनला गाडी बदलून रेडिंगच्या दिशेची गाडी घ्यावी. या मार्गावरील सर्व स्थानकांवर पायऱ्या न चढता रस्त्यापर्यंत येता येते. जड बॅगा किंवा ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर हा मोठा फायदा आहे.

पिकॅडिली लाइन : ही लंडनची भुयारी मेट्रो, म्हणजेच ट्यूब. भाडे सर्वांत कमी. एलिझाबेथ लाइनने शहराच्या मध्यभागी जायला याच्या दुपटीहून जास्त पैसे लागतात. वेळ मात्र जास्त लागतो. किंग्ज क्रॉसला पोहोचायला साधारण तासभर धरावा. हाउन्स्लो, हॅमरस्मिथ, अर्ल्स कोर्ट, साउथ केन्सिंग्टन, पिकॅडिली सर्कस इथे ती थेट जाते. डबे अरुंद असतात आणि काही स्थानकांवर पायऱ्या चढाव्या लागतात.

एक काळजी घ्यावी. हीथ्रो एक्स्प्रेस आणि एलिझाबेथ लाइन दोन्ही पॅडिंग्टनला जातात आणि एकाच स्थानकातून सुटतात. फलकावर आणि डब्यावर नाव वाचूनच चढावे. चुकून एक्स्प्रेसमध्ये बसल्यास तिचेच भाडे द्यावे लागते.

पैसे कसे द्यायचे?

ट्यूब आणि एलिझाबेथ लाइनसाठी वेगळे तिकीट काढण्याची गरज नाही. काँटॅक्टलेस बँक कार्ड पिवळ्या गोल यंत्रावर टेकवून आत जायचे आणि उतरल्यावर बाहेर पडताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचे. बाहेर पडताना विसरल्यास जास्तीत जास्त भाडे कापले जाते. प्रत्येक प्रौढ व्यक्तीला स्वतंत्र कार्ड लागते. नवरा-बायकोला एका कार्डावर जाता येत नाही. कार्ड आणि त्याच कार्डाला जोडलेला मोबाइल हेही दोन वेगळे धरले जातात. ११ वर्षांखालील मुले प्रौढांसोबत मोफत प्रवास करतात.

व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्स्प्रेस चालते. केवळ रुपे कार्डावर विसंबू नये. भारतीय बँकांच्या नव्या कार्डांवर परदेशातील व्यवहार सुरुवातीला बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते भारतातच सुरू करून घ्यावेत. कार्ड नसेल तर ऑयस्टर कार्ड विकत घेऊन त्यात पैसे भरता येतात.

बस, टॅक्सी आणि रात्रीची वेळ

टर्मिनल २ आणि ३ च्या मध्ये मोठे बसस्थानक आहे. हॅरोला जाण्यासाठी तिथून एसएल ९ ही जलद बस मिळते. रेडिंग, ऑक्सफर्डसारख्या शहरांकडे जाणाऱ्या कोचही हीथ्रोवरून सुटतात. त्यासाठी आधी लंडनच्या मध्यात जाण्याची गरज नाही.

शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री पिकॅडिली लाइन रात्रभर चालते, मात्र टर्मिनल ४ वरून नाही. इतर रात्री मध्यरात्रीच्या सुमारास ती बंद होते. तेव्हा एन ९ ही रात्रीची बस शहराच्या मध्यभागी जाते. काळ्या टॅक्सी अधिकृत रांगेतूनच घ्याव्यात. त्या मीटरवर चालतात. आत येऊन ‘टॅक्सी हवी का’ विचारणाऱ्यांच्या मागे जाऊ नये.

एक चिठ्ठी सोबत असू द्या

उतरल्यावर भारतातले सिम चालेलच याची खात्री नसते. विमानतळावर मोफत वायफाय आहे, पण मोबाइलची बॅटरीही संपलेली असू शकते. म्हणून एका कागदावर पाच गोष्टी इंग्रजीत लिहून घ्याव्यात : उतरण्याचे टर्मिनल, गाडीचे नाव, ती कोणत्या दिशेची, उतरायचे स्थानक आणि यजमानाचा पोस्टकोडसह पत्ता व फोन नंबर. आई-वडील एकटे येणार असतील तर ही चिठ्ठी मुलांनीच आधी लिहून पाठवावी. वाट चुकली तरी ती दाखवून कोणत्याही कर्मचाऱ्याला रस्ता विचारता येतो. त्यासाठी फार इंग्रजी बोलावे लागत नाही.