घडी घातलेला कागद

इतिहास हा माझा प्रांत नव्हे. मी बी.कॉम., आणि पोटासाठी बँकेत कारकून. इतिहास म्हणावा असं माझ्याजवळ एकच ज्ञान : जुन्या लेजरमधला न जुळलेला फरक. पण आमच्या सौभाग्यवतींना घरगुती गुपितांच्या कादंबऱ्यांचं व्यसन आहे. घर सुखी, नवरा सज्जन, आणि शंभराव्या पानावर त्याने काहीतरी भलतंच पुरलेलं सापडतं. ते पान आलं की आमची आमटी खाली लागते, आणि सौ. माझ्याकडे अशा काही बघतात की, आपण काय बरं पुरलंय, हे मीच आठवू लागतो.

तेव्हा या प्रकाराचं खातं पहिल्यांदा उघडलं कुणी, हे शोधायला मी बसलो.

अठराव्या शतकात इंग्रज वाचकाला घाबरायचं झालं, तर मनाने परदेशी जावं लागे. होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या कादंबरीत किल्ला होता तो इटलीतला. मोठी सोय अशी की, पुस्तक मिटलं की भुतं इटलीतच राहायची. विल्की कॉलिन्स नावाच्या गृहस्थाने ही सोय मोडली. २६ नोव्हेंबर १८५९ पासून डिकन्सच्या साप्ताहिकात त्याची ‘द वुमन इन व्हाइट’ क्रमशः येऊ लागली, आणि भीती थेट इंग्रजांच्या दिवाणखान्यात येऊन बसली. वेळही नेमकी होती. १८५८ साली घटस्फोटांसाठी नवं कोर्ट सुरू झालं होतं, आणि लोकांची घरं वर्तमानपत्रांतून चहाबरोबर वाचायला मिळू लागली होती.

ही कादंबरी बँकवाल्यांनी तर वाचावीच. सर पर्सिव्हल बायकोपुढे एक दस्तऐवज ठेवतो. घडी अशी घातलेली, की सहीपुरती जागा तेवढी उघडी. ती म्हणते, वाचल्याशिवाय सही करणार नाही. झालं! पुढचं सगळं रामायण तिथून. तिचे वीस हजार पौंड ती मेल्यावर नवऱ्याला मिळायचे असतात. म्हणून तिच्यासारखी दिसणारी एक दुर्दैवी मुलगी मेल्यावर तिच्या नावाने पुरली जाते, आणि ही जिवंत बाई त्या मुलीच्या नावाने वेड्यांच्या इस्पितळात. म्हणजे खातं बंद आणि खातेदार जिवंत!

आणि खुद्द सर पर्सिव्हलचं गुपित? भूत नाही, प्रेत नाही. आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून चर्चच्या नोंदवहीत पानाच्या तळाशी राहिलेल्या जागेत त्याने खोटी नोंद घुसडलेली. सापडली कशी? दुसऱ्या गावी ठेवलेल्या नकलेत ती जागा कोरी! डुप्लिकेट प्रत काढताना कुरकुरणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना मी हा भाग मुद्दाम सांगतो.

गंमत म्हणजे, लिहिणाऱ्यांची स्वतःची खातीही सरळ नव्हती. कॉलिन्सने लग्न केलं नाही, पण पुढे संसार दोन केले. एक कॅरोलाइन ग्रेव्ह्जबरोबर, दुसरा मार्था रडबरोबर ‘डॉसन’ या आडनावाने. १८८९ साली तो गेला, तेव्हा मृत्युपत्रात दोघींनाही वाटा होता. १८६२ साली ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ लिहून गाजलेली मेरी एलिझाबेथ ब्रॅडन आपल्या प्रकाशकाबरोबर राहत होती. त्याची बायको हयात होती. ती वारल्यावर १८७४ साली दोघांचं लग्न झालं. थोडक्यात, माल घरचाच होता.

पण हसून झाल्यावर मला तो घडी घातलेला कागदच छळतो. तेव्हाच्या इंग्लंडात लग्न झालं की बायकोचा पैसा बहुधा नवऱ्याचा होई. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी तिला स्वतःच्या नावावर काही ठेवता येऊ लागलं. कायदा बदलला, घडी मात्र गेली नाही. ती मी काउंटरवरून बघतो. नवरा फॉर्मवर तळहात ठेवतो, एका बोटाने रेघ दाखवतो आणि म्हणतो, “इथं कर सही.” “कशाचा आहे हो?” “अगं, फॉर्म आहे.” तिच्या हातात पेन असतं, आणि डोळे माझ्याकडे.

असं झालं की मी तो फॉर्म त्याच्या हाताखालून काढून घेतो, सरळ करतो, तिच्याकडे फिरवतो आणि म्हणतो, “ताई, सावकाश वाचा. आम्हाला घाई नाही.”

मागे रांगेतून कुणीतरी खवचटपणे म्हणतं, “यांना घाई कधी असते?”