श्रीगोंदे येथील कालगणना : स्थानिक वेळ व उसनी वेळ

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेले श्रीगोंदे (जुने नाव चांभारगोंदे) सु. ७४° ४२' पूर्व रेखांशावर वसले आहे. रेखांशाच्या एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने येथील माध्य स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पुढे सु. ४ तास ५९ मिनिटे येते. म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या मागे सु. ३१ मिनिटे. गावाची स्वतःची वेळ आणि बाहेरून आलेली वेळ यांतील या अंतराला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

शेख महंमदांच्या समाधीमुळे व शिंदे घराण्याच्या वाड्यांमुळे ख्यात असलेल्या या गावी, अन्यत्रप्रमाणेच, दिवस सूर्योदयापासून धरीत. अहोरात्राच्या ६० घटिका व घटिकेची ६० पळे. एक घटिका २४ मिनिटांची. बुडाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर ठेवीत; ते भरून बुडाले की एक घटिका झाली असे मानीत. लग्नाचा मुहूर्त यावर साधत. ही वेळ गावापुरती खरी असे व तेवढ्यात कोणाचे अडत नसे. परगावचे पंचांग वापरताना मात्र रेखांशाचा संस्कार करावा लागे; मुंबई व श्रीगोंदे यांत केवळ रेखांशामुळे सु. साडेसात मिनिटांचा फरक पडतो.

दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि तालुक्यात दुसरी वेळ आली. रेल्वे मद्रास वेधशाळेची वेळ पाळी. ती तारायंत्राने ठिकठिकाणी पोहोचविली जाई. ही वेळ ग्रिनिचच्या पुढे सु. ५ तास २१ मिनिटे, म्हणजे गावच्या वेळेपेक्षा सु. २२ मिनिटे पुढे होती. सूर्य पाहून निघणाऱ्याची गाडी चुकण्यास एवढे अंतर पुरेसे होते. त्यातच सूर्याची प्रत्यक्ष वेळ व माध्य वेळ यांत नोव्हेंबरच्या आरंभी सु. १६, तर फेब्रुवारीच्या मध्यास उलट दिशेने सु. १४ मिनिटांचा फरक असतो. तेव्हा छायायंत्र व स्थानकावरील घड्याळ यांचा मेळ बारमाही एकाच हिशेबाने बसणे शक्यच नव्हते.

मुंबईत हा प्रश्न प्रतिष्ठेचा झाला. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या शासनाने सरकारी कचेऱ्यांना मद्रास वेळ लावली. लोकांच्या विरोधापुढे १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. पुढे ८२° ३०' रेखांशावरील प्रमाणवेळ रेल्वेने १ जुलै १९०५ पासून व इतरत्र १ जानेवारी १९०६ पासून स्वीकारली गेली. त्याच महिन्यात मुंबईच्या एका कापडगिरणीत कामगारांनी दगडफेक केली. घड्याळाचे काटे पुढे सरकले की कामावर येण्याची वेळ अंधारात जाते, ही त्यांची तक्रार होती, आणि ती अवास्तव नव्हती. महानगरपालिकेच्या घड्याळांत 'मुंबई टाइम' पुढेही अनेक वर्षे टिकून होता. श्रीगोंदे रोड स्थानकावर १९०५ च्या बदलाने काटे जेमतेम ९ मिनिटे सरकले. बाकीची २२ मिनिटे आधीच सरकली होती.

आज प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील सिझियम घड्याळांवरून मिळते. भारतीय नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे दस्त सादर झाल्याचा दिवस, तास व ठिकाण दस्तावर नोंदावे लागते. तालुक्याच्या दुय्यम निबंधकासही ते चुकत नाही. अशा नोंदी संगणकावर होऊ लागल्यावर यंत्राच्या घड्याळाची अचूकता हा हक्कांचा विषय झाला. येथे जुनीच अडचण नव्या रूपात आढळते. एका यजमान संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालविण्याची पद्धती १९६० नंतरच्या दशकात निघाली. आभासी यंत्रातील अतिथी प्रणाली आपली वेळ कालसंकेत मोजून ठरवीत असेल, तर यजमान दुसऱ्याचे काम करीत असता तिचे संकेत चुकतात किंवा उशिरा पोहोचतात व तिचे घड्याळ मागे पडते. यंत्र थांबवून पुन्हा चालू केल्यास ते थांबण्याच्या क्षणाचीच वेळ दाखवू शकते. घटिकापात्राजवळच्या माणसाला डुलकी लागावी, तसेच हे.

यावर दोन उपाय रूढ आहेत. अतिथीने संकेत मोजण्याऐवजी यजमानाचे घड्याळ थेट वाचावे, हा एक; १९८५ मध्ये डेव्हिड मिल्स यांनी मांडलेल्या जालकाल संकेताने (एनटीपी) बाहेरच्या घड्याळाशी वेळ जुळवीत राहावे, हा दुसरा. चूक लहान असेल तर घड्याळ एकदम मागे न नेता त्याची गती किंचित कमी-अधिक करतात. काटे मागे गेल्यास नंतरच्या नोंदीवर आधीची वेळ पडण्याचा धोका असतो. एप्रिल २०२२ मध्ये भारताच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद दलाने (सर्ट-इन) संगणक प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अथवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र यांच्या कालसेवेशी, किंवा तिच्याशी जुळणाऱ्या सेवेशी, जोडण्याचा आदेश काढला. त्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा श्रीगोंद्यात सूर्य माथ्यावर यायचा असतो. नोव्हेंबरच्या आरंभी तो सु. १२ वाजून १५ मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्यास सु. पाऊण वाजता तेथे पोहोचतो.