युद्धनौकेची वीजव्यवस्था : ‘टाइप ४५’चा धडा

आधुनिक युद्धनौकेत प्रणोदन, रडार, शस्त्रास्त्रे आणि शीतकरण या सर्व यंत्रणांना एकाच वीजजालातून शक्ती पुरवण्याकडे कल वाढत आहे. या रचनेस ‘एकात्मिक विद्युत प्रणोदन’ असे म्हणतात. तीमुळे इंधनाची बचत होते आणि वीज गरजेनुसार हवी तिकडे वळवता येते. मात्र मूळ पुरवठाच खंडित झाला, तर नौकेची गती आणि शस्त्रे एकाच वेळी निकामी होण्याचा धोका असतो.

ब्रिटिश नौदलाच्या ‘टाइप ४५’ वर्गातील विनाशिकांना हा अनुभव आला. या वर्गात सहा नौका असून पहिली, ‘डेअरिंग’, २००९ मध्ये सेवेत आली. प्रत्येक नौकेवर दोन वायू टर्बाइन व दोन डिझेल जनित्रे होती. उष्ण समुद्रात टर्बाइनमधील हवा थंड करणारी यंत्रणा अपुरी पडे. टर्बाइन थांबताच सारा भार लहान जनित्रांवर येई. तो न पेलल्याने तीही बंद पडत आणि संपूर्ण नौका अंधारात जाई.

२०१८ मध्ये दुरुस्तीचे कंत्राट दिले गेले. त्यानुसार दोन जनित्रांच्या जागी अधिक क्षमतेची तीन जनित्रे बसवण्यात येत आहेत. ‘डॉन्टलेस’ या पहिल्या नौकेसाठी तिची बाजू कापून वाट करावी लागली. २०२२ मध्ये ती चाचण्यांसाठी पुन्हा समुद्रात उतरली.

भावी नौकांच्या आराखड्यात म्हणूनच राखीव क्षमता, परस्परांपासून अलग करता येणारे वीजविभाग आणि उष्ण पाण्यातील चाचण्या यांना प्रारंभापासून स्थान असावे लागते.