मोटारीचे कापडी छत

आमच्या श्रीपुरात मामांच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये १९३४ सालची एक शेवरोले मोटार उभी आहे. गेल्या पावसाळ्यात तिचे छत गळू लागले. गॅरेजवाल्याने सरळ सल्ला दिला, "ते सडके कापड काढा. वरून पत्रा वेल्ड करून टाकतो, जन्माची कटकट जाईल." मामा जवळजवळ तयार झाले होते. मीच म्हटले, "मामा, आठ दिवस थांबा की."

आता तुम्ही विचाराल, चारी बाजूंनी पत्रा असलेल्या मोटारीला डोक्यावर कापड कशाला? सुरुवातीच्या मोटारी उघड्याच असत. ऊनपावसासाठी बग्गी-टांग्यासारखा घडीचा टप असे. पुढे बंद मोटारी आल्या. पण अख्खे छत एका तुकड्यात दाबून काढावे, एवढा रुंद पोलादी पत्रा आणि तेवढे मोठे प्रेस तेव्हा सहज मिळत नव्हते. म्हणून कडेने पत्रा आणि मधल्या मोकळ्या जागेत कापड, अशी तोड निघाली.

रुंद पत्रा लाटणाऱ्या गिरण्या आल्या आणि जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांना 'टरेट टॉप' नावाचे एकसंध पोलादी छत दिले. दोन वर्षांत फोर्डही त्याच वाटेने गेली. म्हणजे मामांची गाडी कापडी छताच्या अगदी अखेरच्या पिढीतली. योगायोग असा, की चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली तेही १९३४ सालीच. याच कंपनीच्या साखर कारखान्यामुळे श्रीपूरचे नाव झाले. पुढे १९४४ मध्ये सोलापूरचेच वालचंद हिराचंद यांनी मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तोवर कापडी छताचा जमाना सरला होता. मग हे काम नव्या कारागिरांनी शिकावे तरी कशासाठी?

मामांना पटवायला मला सरकारी नियमाचा आधार मिळाला. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी 'व्हिंटेज' ही वेगळी नोंदणी सुरू केली. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, ही तिची अट. छतावर पत्रा वेल्ड केला असता तर तिथेच घोडे अडले असते.

शेवटी अकलूजचे एक म्हातारे कुशनवाले आले. त्यांचा जन्म जीपची हूड शिवण्यात गेलेला. त्यांनी एकेक थर जपून उकलला. वर काळे मेणकापड, त्याखाली कापसाची पातळ गादी, मग कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी आणि तळाला लाकडी पट्ट्या. फाटके मेणकापड मी कचऱ्यात टाकणार, तोच ते ओरडले, "अहो मास्तर, ते टाकू नका! तेच आपलं माप आहे."

नवे कापड त्यांनी आधी तासभर उन्हात पसरले, म्हणजे ते सैल पडते. कापडावर आणि चौकटीवर मधोमध खडूची रेघ मारली. पहिली चूक पुढे मध्यावर, दुसरी मागे मध्यावर, मग दोन्ही बाजूंच्या मध्यावर. तिथून समोरासमोर ताण देत कोपऱ्यांकडे सरकायचे. कोपरा आधी ठोकला तर सुरकुती पडते, ती पुन्हा निघत नाही. कडेला पाणी मुरू नये म्हणून खाली लांबी भरली आणि चुकांच्या डोक्यांवर पट्टी बसवली. या कामाला दोन दिवस लागले.

पण मला खरी गंमत दिसली ती जुन्या लाकडात. चुकांच्या भोकांच्या तिथे दोन ओळी होत्या. एक कारखान्यातली, सारख्या अंतराची. दुसरी जरा वाकडीतिकडी, हाताने ठोकलेली. म्हणजे हे छत पूर्वी कोणीतरी एकदा बदलले होते. कधी, कोणी, हे मामांना आठवत नाही. कागद नाही, पावती नाही. त्या कारागिराची नोंद म्हणजे ती भोके. वर पत्रा चढला असता तर तीही झाकली गेली असती.

मी जुने मेणकापड घडी करून ट्रंकेत ठेवले आहे. सोबत एका चिठ्ठीवर तारीख, कापडाचे माप आणि आमच्या कुशनवाल्यांचे नाव लिहिले आहे. तुमच्या घरी अशी एखादी जुनी वस्तू दुरुस्त होत असेल, तर एवढे जरूर करा. परवाच्या पावसात मामा मुद्दाम गाडीत जाऊन बसले होते. बाहेर येऊन म्हणाले, "एक थेंब नाही रे!"