शरणपूरचे चर्च आणि दूरदेशीची मूठमाती

निजामी अमलातील सेनगाव-हिंगोली परिसराचा अँग्लिकन पंथाशी, म्हणजे इंग्लंडच्या राजसत्तेने मान्य केलेल्या आणि बिशपांच्या अधिकाराखाली चालणाऱ्या ख्रिस्ती पंथाशी, संबंध आला तो मुख्यतः हिंगोलीच्या छावणीमुळे. तेथे निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची हैदराबाद कंटिन्जन्ट ही फौज होती आणि १९०३ मध्ये ती ब्रिटिश हिंदी सैन्यात सामील झाल्यावर छावणीही उठली. अशा फिरत्या समाजाला दफनभूमी लागते, पण गाव लागत नाही. त्याच पंथाचे चर्च गावासह कसे उभे राहिले, हे पाहण्यासाठी नाशिकजवळच्या शरणपूरकडे वळावे लागते.

लंडनमध्ये १७९९ साली स्थापन झालेल्या चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन धर्मप्रसारक संस्थेने १८३२ मध्ये नाशिकला काम सुरू केले. तीर्थक्षेत्री धर्मांतर करणाऱ्याचे घर, विहीर आणि सोयरीक एकाच वेळी तुटत असे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने त्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला खरा, परंतु भाऊबंदांचा खांदा कोणताही कायदा मिळवून देऊ शकत नव्हता. या अडचणीवर तोडगा म्हणून रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकाच्या मध्यास, तेव्हा शहराबाहेर असलेल्या जागी, शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. तेथे उपासनेबरोबर शाळा, अनाथालय आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवणारे कारखाने चालत. धर्मांतरितांना असे वेगळे वसवल्याने ते आपल्या समाजापासून कायमचे दुरावले, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ते मुळात दुरावले होते ते मिशनमुळे की जातीच्या बहिष्कारामुळे, याचे उत्तर एकपदरी नाही.

अशा वस्तीत दफनविधीला विशेष वजन असणे स्वाभाविक होते. अँग्लिकन पंथाचा हा विधी १६६२ च्या सामान्य प्रार्थनापुस्तकात शब्दशः ठरवून दिलेला आहे; बाप्तिस्मा, म्हणजे जलसंस्कार, न झालेल्यांसाठी तो वापरू नये अशी सूचना आरंभीच असली, तरी बाप्तिस्मा झालेल्याचे कूळ, वर्ण किंवा देश कोणता, हे ते पुस्तक विचारीत नाही.

या तरतुदीचा अर्थ सर्वांत ठळकपणे दिसला तो आफ्रिकी मुलांच्या बाबतीत. ब्रिटिश आरमाराने गुलामांची वाहतूक करणारी गलबते अडवून सोडवलेली ही मुले मुंबईला उतरवली जात आणि त्यांतील अनेकांना शरणपूरच्या आफ्रिकी आश्रमात धाडले जाई, जिथे त्यांना इंग्रजी, प्रार्थनापुस्तक आणि एखादा हुन्नर शिकवला जाई. बाप्तिस्म्यानंतरच्या त्यांच्या नावांत सायमन प्राइस, कॅरस फरार अशी नाशिकच्या मिशनऱ्यांची आडनावे दिसतात. मुलांची सुटका झाली, पण आईबापांनी ठेवलेली नावे मागे पडली.

स्कॉटिश धर्मप्रसारक आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८६५ मध्ये आपल्या अखेरच्या आफ्रिका-प्रवासासाठी येथील नऊ तरुण निवडले आणि १८७२ मध्ये जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आदींची दुसरी तुकडी त्यांना जाऊन मिळाली. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातील चितांबो या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावले, तेव्हा चुमा आणि सुसी या जुन्या सोबत्यांच्या पुढाकाराने त्यांचे हृदय व आतडी पिठाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरण्यात आली, देह मीठ लावून उन्हात सुकवण्यात आला, वेनराइटने इंग्रजीतून दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. पुढे ते झाड तोडल्यावर लेखाचा तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला. वेनराइटला धर्मगुरूची दीक्षा नव्हती. पाळकाच्या गैरहजेरीत मंडळीतील जाणत्याने पुस्तक उघडावे, इतकाच त्याचा अधिकार.

हजार मैलांहून अधिक वाट तुडवून देह फेब्रुवारी १८७४ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बागामोयो बंदरी पोहोचला आणि १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाला, त्या वेळी शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइटही होता. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. ज्यांनी ओझे वाहिले त्या बहुतेकांना मात्र झांझिबारमध्येच पगार देऊन निरोप देण्यात आला होता.

प्राइस यांना चर्च मिशनरी सोसायटीने आजच्या केनियातील मोंबासाला पाठवल्यावर १८७५ मध्ये तेथे फ्रिअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. शरणपूरचे अनेक आफ्रिकी रहिवासी तिकडे गेले आणि नाशिकच्या आश्रमाचे प्रयोजन संपले. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर यांना पूर्व आफ्रिकेतील अँग्लिकन बिशप हॅनिंग्टन यांनी १८८५ मध्ये डीकन, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासातच स्थायिक झाला आणि १९३५ मध्ये तेथेच वारला. इकडे नाशिक १९२९ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत झाले आणि १९७० मध्ये येथील अँग्लिकन मंडळ्या प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आदी मंडळ्यांसह उत्तर भारतीय चर्चमध्ये, म्हणजे सीएनआयमध्ये, विलीन झाल्या. शरणपूरची शीव तोवर वाढत्या शहराने पुसून टाकली होती.