वऱ्हाडांतील कुलूपबंद मराठी

अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें मराठी गद्याचें माहेरघर. श्रीगोविंदप्रभूंच्या या गांवीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें.

पुढें महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरविले. सकळ, सुंदरी, अंक अशा त्या लिप्या. पैकीं सकळ लिपी रवळोव्यासांनीं रचिली, असें परंपरा सांगते. युक्ति कोड्याची: एका अक्षराच्या जागीं दुसरें योजावयाचें. नमुन्यादाखल ‘क’च्या जागीं ‘त’, ‘म’च्या जागीं ‘प’ आणि ‘ळ’च्या जागीं ‘स’ असा संकेत धरला, तर ‘कमळ’चें ‘तपस’ होतें. अक्षरें ओळखीचीं, पण अर्थ लागेना! ज्याच्याजवळ किल्ली, त्यालाच वाट सांपडे.

ग्रंथ सुरक्षित राहिले. परंतु किंमत मोठी पडली. जें वाचतां येत नाहीं, त्याविषयीं लोक भलतेच तर्क करूं लागतात. ‘मानभावी’ म्हणजे ढोंगी, असा अर्थ भाषेंत रुजला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचें कोडें उलगडलें. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनीं १९२५ सालीं या वाङ्मयाचा परिचय करून दिला. ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून ‘लीळाचरित्रा’चे भाग छापले, आणि १९७८ सालीं वि. भि. कोलते यांनीं संपादिलेली प्रत निघाली.

कुलूप उघडलें, तों आंत सांपडलें सामान्य माणसांचें साधें, रोजचें बोलणें. ज्यांनीं तें जपलें, त्यांच्या नांवावरून पडलेला ‘मानभावी’ हा शब्द मात्र कोशांत अजून तसाच आहे.